वृद्धांचा ‘वात’ आणि तातडीची रुग्णसेवा



एक चित्र डोळ्यांपुढे आणावे. भाद्रपदातील पावसाळी रात्र आहे. आडवळणाच्या एका गावातून निघालेली रुग्णवाहिका जिल्हा रुग्णालयाच्या दारात येऊन थांबते. आत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी, त्यांचा मुलगा आणि सून. आजींना दोन दिवसांपासून बारीक ताप आहे, पोटात अन्न नाही. ज्या विभागाला सारेजण कॅज्युअल्टी म्हणतात, तेथे त्या वेळी श्वास घ्यायलाही कोणाला सवड नाही. मोटारसायकलवरून पडलेला एक तरुण विव्हळतो आहे, सर्पदंश झालेल्या एका शेतकऱ्याभोवती माणसांचा गराडा आहे. आजी मात्र स्ट्रेचरवर निमूट पडून आहेत. तरुण डॉक्टर वाकून विचारतात, “आजी, काय होतंय?” आजी डोळे उघडतात, “काही नाही” म्हणतात आणि पुन्हा मिटून घेतात. मुलगा म्हणतो, “वय झालं साहेब. म्हातारपण म्हटलं की असंच चालायचं.” मागे उभी असलेली सून पुढे होऊन सांगू पाहते, “पण आत्याबाई परवापर्यंत तर...” एवढ्यात दुसरी रुग्णवाहिका येते आणि डॉक्टर तिकडे धावतात. केसपेपरवर दोन शब्द लिहिले जातात : ताप, अशक्तपणा.

सुनेचे ते अर्धवट राहिलेले वाक्य हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ते पूर्ण झाले असते तर असे झाले असते : परवापर्यंत त्या स्वतः चूल पेटवत होत्या, नातवाला हाका मारत होत्या, दूध किती आले याचा हिशेब तोंडी ठेवत होत्या; आणि आज त्यांना स्वतःचे घर ओळखता येत नाही. वृद्ध रुग्णाच्या बाबतीत या एका वाक्याचे मोल कित्येकदा रक्ताच्या तपासणीहून अधिक असते. कारण म्हातारपण परवा आणि आज या दोन दिवसांमध्ये येत नसते.

वृद्ध माणसाचे भान असे अकस्मात हरपते, तेव्हा त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र ‘डेलिरियम’ म्हणते. आपल्या भाषेला ही अवस्था अनोळखी नाही. ‘म्हाताऱ्याला वात झाला’, ‘वातात बरळतो आहे’ असे आपल्या घराघरांतून पिढ्यानपिढ्या बोलले जात आले. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी सन्निपात ज्वराच्या वर्णनात प्रलापाचा, म्हणजे असंबद्ध बडबडीचा, निर्देश केला आहे. पाश्चात्त्य शब्दाची कथा तर शेतकऱ्याला विशेष जवळची वाटेल. लॅटिन भाषेत नांगरटीच्या वरंब्याला ‘लीरा’ म्हणत; त्यापासून ढळणे, म्हणजे औत तासाबाहेर जाणे, यावरून हा शब्द आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममधील सेल्सस या ग्रंथकाराने तो वैद्यकात वापरला. बैल तासाबाहेर गेला की जाणता शेतकरी आधी बैलाला काय झाले ते पाहतो. खूर दुखावला असेल, जू बोचत असेल, गोमाशी चावली असेल. बैल म्हातारा झाला असे म्हणून तो तसाच औत हाकीत नाही. वृद्ध माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो.

१९५९ साली अमेरिकेतील जॉर्ज एंजल आणि जॉन रोमानो या दोन डॉक्टरांनी या अवस्थेविषयी एक मूलगामी विचार मांडला. हृदय कमी पडले की आपण हृदयविकार म्हणतो, मूत्रपिंडे थकली की त्यांचे काम मंदावल्याचे निदान करतो. त्याचप्रमाणे डेलिरियम म्हणजे मेंदू तात्पुरता अपुरा पडणे होय, असे त्यांनी म्हटले. अशा रुग्णांच्या मेंदूतील विद्युतलहरी मंदावलेल्या असतात, हे त्यांनी आलेखांवरून दाखविले होते. या विचाराचे महत्त्व असे की, त्यामुळे भ्रम हा स्वभावाचा, वयाचा किंवा दैवाचा प्रश्न राहिला नाही. शरीरात कोठेतरी बिघाड झाला आणि त्याचा भार मेंदूला पेलवेना, एवढाच त्याचा अर्थ. तरुण माणसाच्या मेंदूला राखीव बळ पुष्कळ असते. त्याला भ्रम व्हावयास मोठा आघात लागतो. वृद्धाचे राखीव बळ थोडे. तेथे लघवीच्या मार्गातील साधा जंतुसंसर्गही पुरे होतो.

डेलिरियमची गल्लत दोन गोष्टींशी होते. पहिली स्मृतिभ्रंशाशी. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे हळूहळू वाढत जातो. सायंकाळी अधिक, सकाळी कमी असा फरक त्यात असला, तरी त्याचा आरंभ अमुक दिवशी झाला असे सांगता येत नाही. डेलिरियम काही तासांत किंवा एकदोन दिवसांत उद्भवतो आणि दिवसभरात भरती-ओहोटीसारखा वरखाली होतो. सकाळी फेरीच्या वेळी आजोबा डॉक्टरांशी नीट बोलतात आणि रात्री अकराला भिंतीवर मुंग्या चालताना पाहतात. सकाळी त्यांना पाहणाऱ्याला रात्रीची हकीकत खरी वाटत नाही. अर्थात ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्याला डेलिरियम होण्याचा धोका सर्वाधिक, ही गोष्ट निदान अधिकच अवघड करते. दुसरी गल्लत वेडाशी किंवा बाहेरच्या बाधेशी होते. आजही काही घरांतून अशा रुग्णाला प्रथम अंगारा लावला जातो, लिंबू उतरविले जाते, आणि त्यात जी रात्र जाते ती परत मिळत नाही.

या अवस्थेचे मुख्य लक्षण बडबड हे नसून अवधान सुटणे हे आहे. रुग्ण एका गोष्टीवर चित्त ठेवू शकत नाही. प्रश्न विचारावा तर अर्ध्यावर डोळे दुसरीकडे जातात. मागच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या प्रश्नाला येते. पुष्कळांना वाटते की भ्रम झालेला माणूस ओरडतो, सलाईन उपसतो, खाटेवरून उतरून पळू पाहतो. असे रुग्ण असतात आणि त्यांच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. पण याच विकाराचा दुसरा चेहरा शांत आहे. रुग्ण गप्प पडतो, पेंगतो, हाक मारली तर ओ देतो आणि पुन्हा गुंगीत जातो. परिचारिकेला त्याचा त्रास नसतो, शेजारच्या खाटेची तक्रार नसते. ‘बिचारे किती शांत आहेत’ असे जो तो म्हणतो.

अमेरिकेतील नॅशव्हिल येथील आपत्कालीन विभागात ६५ वर्षांवरील ३०३ रुग्णांची पाहणी करण्यात आली आणि ती २००९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ जणांना डेलिरियम होता. या पंचविसांत तेवीस जण शांत प्रकारातले निघाले. आणि तेथील डॉक्टरांच्या नजरेतून शंभरात शहात्तर या प्रमाणात हे रुग्ण निसटले होते. लक्षात घ्यावे, की ती जागा सुसज्ज होती आणि डॉक्टर प्रशिक्षित होते. म्हणून आपल्याकडील रात्रपाळीच्या एकट्या डॉक्टराला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. मोडलेले हाड दिसते, वाहणारे रक्त दिसते. निवांत पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचे सुटलेले अवधान मुद्दाम पाहिल्याखेरीज दिसत नाही.

न दिसल्याने बिघडते तरी काय, असे कोणी विचारील. त्याच शहरातील पुढच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६२८ वृद्ध रुग्ण होते. आपत्कालीन विभागात ज्यांना डेलिरियम आढळला, त्यांच्यापैकी शेकडा ३७ जण सहा महिन्यांच्या आत दगावले. ज्यांना तो नव्हता त्यांच्यात हे प्रमाण शेकडा १४.३ होते. वय, इतर आजार, प्रकृतीची गंभीरता या साऱ्यांचा हिशेब केल्यावरही फरक उरलाच. भ्रमाने माणूस मरतो असा याचा सरळ अर्थ काढू नये. ज्या बिघाडामुळे भ्रम झाला तो बिघाड बरोबर असतोच. पण घराला आग लागली असता धूर दिसूनही जो ‘पावसाळी हवा आहे, धुके असेल’ म्हणतो, त्याच्यासारखी आपली स्थिती होते.

तेव्हा धूर कोठून येतो ते पाहिले पाहिजे. जंतुसंसर्ग हे फार मोठे कारण. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह, चिघळलेली जखम. येथे एक फसगत होते. वृद्धांना संसर्गात पुरेसा ताप येईलच असे नाही, खोकलाही बेताचा असतो. पहिले लक्षण म्हणून भ्रमच पुढे येतो. हृदयविकाराच्या झटक्याचेही तसेच. छातीत कळ न येता केवळ घाबरेपणा आणि गोंधळ एवढ्यावर तो येऊन जातो. शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातील सोडियम उतरणे, रक्तातील साखर घसरणे ही कारणे तर खेडोपाडी रोजची. मधुमेहाची गोळी सकाळी घेतली आणि उपवास आहे म्हणून जेवण घेतले नाही, एवढ्यानेही माणूस दुपारपर्यंत असंबद्ध बोलू लागतो. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी वर्षानुवर्षे चालू असते. तिच्यामुळे काहींचे सोडियम हळूहळू उतरत असते, हे कोणाच्या गावी नसते. विदर्भातील वैशाखाच्या उन्हात शेतावरून आलेला म्हातारा भलतेच बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. अंगाचा दाह आणि हरपलेले भान ही त्याची खूणच आहे, आणि तेथे मिनिटांचा हिशेब असतो.

काही कारणे इतकी साधी की ती सुशिक्षितांना सुचत नाहीत. लघवी तुंबणे हे त्यांतले एक. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या आजोबांना ते तुंबले आहे हे सांगता येत नाही. ते नुसते तळमळतात, धोतर सोडू पाहतात, खाटेवरून उठू पाहतात आणि लोक त्यांना आवरतात. ओटीपोटावर हात ठेवला की उलगडा होतो. आठ दिवसांचा मलावरोध हे दुसरे. न बोललेली वेदना हे तिसरे. खुब्याचे हाड मोडलेली वृद्धा रात्रभर बडबडते, तिला गुंगीचे औषध दिले जाते. वास्तविक तिला वेदनाशामकाची गरज असते. पडल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी भ्रम झाला तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचले आहे काय, तेही पाहावे लागते. घरातले लोक मधल्या काळात ते पडणे विसरूनही गेलेले असतात.

औषधांविषयी थोडे अधिक बोलणे भाग आहे. धोत्र्याचे बी पोटात गेलेला माणूस बरळतो, हवेत काही वेचतो, त्याच्या तोंडाला कोरड पडते, हे ग्रामीण भागाला ठाऊक आहे. धोत्र्यातील द्रव्य मेंदूतील ॲसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडविते. अवधान राखण्यासाठी हेच रसायन लागते. आता गंमत अशी, की कमी-अधिक प्रमाणात हाच गुण असलेली औषधे आपल्या घरातील डब्यात असतात. सर्दीवरच्या जुन्या गोळ्या, पोटातील मुरडा थांबविणाऱ्या काही गोळ्या, कंपवातावरील काही औषधे, झोपेसाठी किंवा अंगदुखीसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन. एका वेळी एक घेतली तर निभावते. तीन डॉक्टरांनी दिलेल्या आणि औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या अशा चार एकत्र आल्या की वृद्ध मेंदूला ते धोत्र्यासारखेच. म्हणून रुग्णालयात निघताना घाईतही औषधांची पिशवी, रिकाम्या पाकिटांसह, बरोबर घ्यावी. नित्याची झोपेची गोळी किंवा रोजची दारू अचानक बंद झाली तरी भ्रम होतो. घरच्यांनी संकोचाने दारूची गोष्ट लपविली की डॉक्टर अंधारात चाचपडतात.

आता निदानाकडे वळू. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही. १९९० साली अमेरिकेतील डॉ. शेरॉन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत तयार केली. तीत चार गोष्टी पाहतात : बदल अकस्मात झाला आणि तो वरखाली होतो काय, अवधान सुटले आहे काय, विचारांत विस्कळितपणा आहे काय, जागेपणाची पातळी बदलली आहे काय. पहिल्या दोन असल्या आणि उरलेल्यांपैकी कोणतीही एक असली, की डेलिरियम समजावयाचा. पुढे एडिंबरो येथे ‘फोर ए टी’ नावाची त्याहून सुटसुटीत चाचणी निघाली. दोन मिनिटांत ती होते. रुग्ण कितपत सावध आहे ते पाहावयाचे. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारावयाचे. वर्षाचे महिने उलट क्रमाने म्हणावयास सांगावयाचे. आणि शेवटी बरोबरच्या माणसाला विचारावयाचे, की हा बदल अलीकडे अचानक झाला काय. बारापैकी चार किंवा अधिक गुण झाले तर डेलिरियमची शक्यता धरून पुढील तपासणी करावी लागते.

मात्र परदेशी चाचणी आपल्या ओसरीवर आणताना तिला थोडे वळण द्यावे लागते. जन्मतारखेचेच पाहा. महाराष्ट्रातील जुन्या पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. मास्तरांनी शाळेत नाव घालताना सोयीसाठी ती लिहिली. जी शाळेत गेलीच नाही त्या आजीला तर तीही नाही. तिचा जन्म कोणत्या तरी दुष्काळाच्या किंवा पुराच्या साली झालेला. तिला इंग्रजी सन विचारून तिचे भान मोजणे अन्यायाचे होईल. तिला विचारावे की नुकताच कोणता सण झाला, पोळा झाला की व्हायचा आहे, शेतात सध्या काय उभे आहे. महिन्यांऐवजी रविवार, शनिवार, शुक्रवार असे वार उलटे म्हणावयास सांगावे. ज्याला निरोगी असतानाही हे येत नव्हते त्याला ते आज येत नाही यात आश्चर्य नाही. काल जे येत होते ते आज गेले काय, एवढेच पाहावयाचे आहे. आणि हे सांगणार कोण? घरचे माणूस. चाचणीचा अखेरचा प्रश्न रुग्णाला नसतो, तो त्या मागे उभ्या असलेल्या सुनेला असतो.

निदान झाल्यावर उपचार मूळ कारणाचा. संसर्गाला प्रतिजैविक, पाणी कमी असेल तर सलाईन, तुंबलेल्या लघवीला नळी. नळीचे काम संपले की ती लवकर काढावी, कारण राहिलेली नळी पुन्हा संसर्गाला आणि भ्रमाला निमंत्रण देते. येथे दोन मोह टाळावे लागतात. पहिला मोह बांधून ठेवण्याचा. हातपाय खाटेला बांधलेला रुग्ण पडत नाही अशी समजूत असते. पण बांधल्याने तळमळ वाढते, भ्रम लांबतो, कातडी सोलवटते. दुसरा मोह गुंगीच्या इंजेक्शनाचा. दारू सुटल्याने किंवा झोपेची गोळी अचानक थांबल्याने झालेला भ्रम वगळता, झोपेच्या औषधांचा मोठा वर्ग भ्रम वाढवितो. हॅलोपेरिडॉलसारखी औषधे तरी भ्रमाचा काळ कमी करतात काय, याची परीक्षा अमेरिकेतील अतिदक्षता विभागांत घेण्यात आली आणि २०१८ साली तिचा निष्कर्ष आला : त्यांचा तसा उपयोग दिसला नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील अशी वेळ आली तर डॉक्टर अल्प मात्रेत औषध देतात, तेवढेच त्याचे प्रयोजन.

मग भ्रम टाळता येतो काय? या प्रश्नाचे उत्तर आशादायक आहे आणि ते स्वस्तही आहे. १९९९ साली डॉ. इनोये यांनी न्यू हेवन येथील रुग्णालयातील ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांची नित्याची शुश्रूषा झाली. उरलेल्यांसाठी साध्या गोष्टी नेमाने केल्या गेल्या : आज कोणता वार, आपण कोठे आहोत हे दिवसातून वारंवार सांगणे, चष्मा व कानाचे यंत्र लावणे, वेळच्या वेळी पाणी पाजणे, खाटेवरून उठवून चालविणे, रात्री गोळीऐवजी कोमट पेय, पाठ चोळणे, शांतता. नित्याच्या शुश्रूषेत शेकडा १५ रुग्णांना डेलिरियम झाला, दुसऱ्या गटात शेकडा ९.९. एकदा भ्रम सुरू झाल्यावर मात्र या उपायांनी त्याची तीव्रता फारशी कमी झाली नाही. म्हणजे हे सारे पहिल्या रात्रीपासून, कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरपासूनच सुरू व्हावयास हवे.

आपल्याकडे काय घडते ते पाहावे. आजींना भरती करताना चोरीच्या भयाने चष्मा घरी पाठविला जातो. कवळी हरवेल म्हणून ती पिशवीत. कानाचे यंत्र असलेच तर ते कपाटात. डोळ्यांना दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही, तोंडाला चावता येत नाही, अशा स्थितीत त्या वृद्धेला रात्रभर न मालवणाऱ्या दिव्याखाली, अनोळखी आवाजांत ठेवावयाचे आणि सकाळी म्हणावयाचे की आजी भ्रमिष्टासारख्या करतात! भिंतीवर घड्याळ नसते. असले तर ते बंद असते. खिडकी दिसत नाही, त्यामुळे रात्र की पहाट ते कळत नाही. चांगल्या माणसाचेही भान सुटावे अशी ही व्यवस्था आहे.

परंतु एका गोष्टीत आपण धनवान आहोत. वरील अभ्यासासाठी तेथील रुग्णालयाला प्रशिक्षित स्वयंसेवक नेमावे लागले. आपल्या रुग्णालयाच्या आवारात मात्र रुग्णाचा मुलगा, सून, भाऊ, नात अशी माणसे रात्र काढत असतात. गर्दीचा त्रास होतो आणि आवर घालावाच लागतो, यात शंका नाही. तथापि भ्रमाचा धोका असलेल्या वृद्धाजवळ ओळखीचे एक माणूस राहू देणे ही मेहेरबानी न मानता शुश्रूषेचा भाग मानावा. त्या माणसाला काय करावयाचे ते परिचारिकेने सांगावे. हाक मारून नाव सांगावे, ‘आपण दवाखान्यात आहोत, ताप उतरला की घरी जायचे’ हे शांतपणे सांगत राहावे, घोट घोट पाणी पाजावे. भिंतीवर मुंग्या दिसतात असे रुग्ण म्हणाला तर वाद घालू नये आणि होयही म्हणू नये; त्याचे भय ओळखून हात हातात घ्यावा. तापलेल्या माथ्यावरील ओळखीचा हात हे औषध कोणत्याही भांडारात मिळत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. त्यानंतर ती वाढत गेली आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ साली सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयांत वृद्धांसाठी दहा खाटांचे कक्ष असावेत अशी त्यात योजना आहे. २०१४ साली राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आली. या दोन गोष्टींच्या मधोमध कॅज्युअल्टीची ती खोली उभी आहे. रुग्णवाहिका तेथे सोडते आणि कक्ष तेथून पुढे सुरू होतो. वृद्ध रुग्णाचे पहिले सहा-आठ तास त्या खोलीत जातात. तेथील केसपेपरवर ‘भान : नित्याप्रमाणे / बदललेले; केव्हापासून’ एवढी एक ओळ छापली आणि ती भरण्याची सवय लागली, तरी पुष्कळ काम होईल. नाडी आणि रक्तदाब जसा प्रत्येकाचा पाहिला जातो, तसे हेही. गावातील आशा कार्यकर्तीला ही लक्षणे सांगून ठेवावीत. ती प्रथम घरात पोचते आणि काल ही आजी कशी होती हे तिने स्वतः पाहिलेले असते.

भ्रम उतरतो, पण केव्हा केव्हा सावकाश. दिवस लागतात, काहींना आठवडे, महिनेही लागतात. काहीजण पूर्वीसारखे होत नाहीत. अशा आजारानंतर स्मृतिभ्रंशाचा धोका वाढलेला आढळतो. घरी सोडताना कार्डावर ‘या आजारात डेलिरियम झाला होता’ असे स्पष्ट लिहिलेले असावे. पुढच्या वेळी मोतीबिंदूच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी ते वाक्य भूल देणाऱ्या डॉक्टरांना सावध करील.

एक गोष्ट कार्डावर लिहिता येत नाही. भ्रमात माणूस जवळच्यांनाच संशयाने पाहतो. सून अन्नात विष घालते, मुलाने जमीन लिहून घेण्यासाठी येथे आणून टाकले, असे शब्द भर वॉर्डात निघतात. ऐकणाऱ्याच्या जिवाला ते लागतात आणि घरी गेल्यावरही अबोला टिकतो. रुग्णाला त्यातले थोडेबहुत आठवत असते, तो मनातून खजील असतो; पण विचारावयाचे कोणी आणि सांगावयाचे कोणी? अशा वेळी डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी, घरी सोडण्यापूर्वी, दोघांना समोरासमोर बसवून सांगावे की ती तापाची वाणी होती. पाय सुजावा तसा मेंदू त्या दिवसांत दुखावला होता. हे सांगावयास पाच मिनिटे लागतात. त्या भाद्रपदातील आजींना ते कोणी सांगितले, तर घरी गेल्यावर दुधाचा हिशेब विचारताना त्या सुनेकडे मान वर करून पाहू शकतील.